छप्पर कोणाच्या नावावर

संयुक्त अरब अमिरातीत राहणारा माणूस तेथील नागरिक नसेल, तर आपण या भूमीवर कोणत्या नात्याने राहतो याचा दाखला त्याला सदैव जवळ बाळगावा लागतो, आणि तो दाखला बहुधा दोनच प्रकारचा असतो. एक तर कोणा मालकाने त्याला चाकरीस ठेवलेले असते, किंवा चाकरीस असलेल्या एखाद्या आप्ताच्या हमीवर तो तेथे राहत असतो. मालमत्तेच्या बळावर किंवा अलीकडच्या सोनेरी व्हिसावर राहणारे थोडे भाग्यवान सोडले, तर लोकसंख्येच्या दहांतील सुमारे नऊ माणसांची ही स्थिती आहे, आणि त्यांत एकट्या भारतीयांचीच संख्या 35 लाखांहून अधिक भरते. धडधाकट माणसाला ही व्यवस्था सहसा जाचत नाही. किंबहुना करार, पगार, खोली, विमान-तिकीट या साऱ्यांची एकच साखळी असल्यामुळे ती त्याला सोयीचीच वाटते. परंतु स्किझोफ्रेनियासारखा मनाचा विकार जडून ज्याची कार्यशक्ती वर्षानुवर्षे क्षीण झाली आहे, त्याच्या बाबतीत हीच साखळी उलटी फिरू लागते: काम सुटले की पगार सुटतो, पगारामागोमाग रहिवासाचा परवाना आणि परवान्यामागोमाग डोक्यावरचे छप्पर. आजारात ज्या वस्तूची सर्वांत अधिक गरज, तीच सर्वांच्या शेवटी पण हटकून हातची जाते.

मनोविकारातून येणारे अपंगत्व हे इतर अपंगत्वांप्रमाणे डोळ्यांना दिसत नाही, आणि औषधांनी ते संपूर्ण नाहीसेही होत नाही. कानांत घुमणारे आवाज औषधाने मंदावतात, संशयाचे भूत उतरते, झोप लागते. पण सकाळी उठून अंघोळ करण्याची उमेद, हातातला पैसा महिनाअखेरपर्यंत पुरविण्याचा हिशेबीपणा, शेजाऱ्याशी चार शब्द बोलण्याची उत्सुकता या गोष्टी परतायला फार काळ लागतो, आणि काहींच्या बाबतीत त्या अर्ध्यामुर्ध्याच परततात. असा माणूस रुग्णालयाच्या खाटेवर ठेवण्याइतका आजारी नसतो आणि सर्वस्वी एकट्याने बिऱ्हाड चालविण्याइतका सावरलेलाही नसतो. या दोहोंमधल्या विस्तीर्ण प्रदेशासाठी जगभर ज्या निवासव्यवस्था निर्माण झाल्या, त्यांना आपण आधारयुक्त निवास म्हणू. त्यांत काही महिन्यांची मुदत घातलेली हाफवे होम्स येतात, चारपाच जणांनी मिळून कायमचे राहावयाची घरे येतात, आणि ज्याची त्याची स्वतंत्र खोली असून आठवड्यातून दोनतीनदा मदतनीस येऊन जातो असा प्रकारही येतो. मुदतीचा प्रकार सोडला, तर यांमागे असावयाचे तत्त्व एकच: घर हे बरे झाल्याबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. आधी घर द्यावे, मदत तिच्या जागी चालू ठेवावी, आणि मदतीचे प्रमाण आजाराच्या चढउतारांप्रमाणे कमीजास्त करावे. घराला मात्र हात लावू नये.

न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने या तत्त्वावर काम उभारले तेव्हा ते पुष्कळांना भाबडेपणाचे वाटले. रस्त्यावर राहणाऱ्या, व्यसनही असलेल्या मनोरुग्णाला कोणतीही अट न घालता घराची किल्ली द्यावयाची, हे व्यवहारी माणसाला सहजासहजी पटण्यासारखे नव्हतेच. पुढे कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर हा प्रयोग पद्धतशीर करून पाहिला, तेव्हा असे आढळले की ज्यांना आधी घर दिले ते घरात टिकून राहिले; आजाराच्या लक्षणांत मात्र इतर व्यवस्थेतल्या लोकांपेक्षा त्यांचे काही फार निराळे झाले नाही. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, कारण तो अतिशयोक्तीपासून वाचवितो. घराने आजार बरा होत नाही. घराने माणूस बेघर होण्याचे थांबते, आणि तेवढे पुरेसे कारण आहे.

युरोपात बेल्जियममधील गील या गावाने तर हा विचार कोणत्याही शास्त्राच्या आधी, केवळ एका संत स्त्रीच्या तीर्थक्षेत्राच्या निमित्ताने, आचरणात आणला. संत डिंफ्नाच्या देवळाशी आणलेले वेडे यात्रेकरू गावकऱ्यांनी आपापल्या घरांत ठेवून घेतले, पिढ्यान् पिढ्या तीच वहिवाट झाली, आणि 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक मनोरुग्ण कुटुंबांच्या चुलीवर जेवत होते. अरबी संस्कृतीलाही मनोरुग्णाची शुश्रूषा परकी नाही. दमास्कसमध्ये 1154 साली तेथील राज्यकर्ता नूरुद्दीन याने आणि कैरोत 1284 साली सुलतान कलावूनने उभारलेल्या बिमारिस्तानांत, म्हणजे रुग्णालयांत, मनोरुग्णांसाठी स्वतंत्र दालने होती, त्यांचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून भागे, आणि रुग्ण बरा होऊन बाहेर पडताना तो लगेच उपाशी पडू नये एवढे काही त्याच्या हाती ठेवण्याचीही चाल होती. सातआठशे वर्षांपूर्वीच्या त्या विश्वस्तांना रुग्णालयाच्या दाराबाहेर काय होते याची चिंता पडली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता अमिरातीकडे वळू. तेथे या विषयाचा पहिला कायदा 1981 सालचा, 28 क्रमांकाचा. त्याच्या नावातच मनोरुग्णांना अटकावून ठेवण्याचा उल्लेख होता, आणि त्याची दृष्टीही मुख्यतः तीच होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो अंमलात राहिला. 2023 सालच्या 10 क्रमांकाच्या संघीय कायद्याने तो रद्द झाला, आणि नवा कायदा 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस लागू झाला. त्यात रुग्णाला आपला आजार व उपचार समजावून घेण्याचा हक्क आहे, गुप्ततेची हमी आहे, स्वेच्छेने दाखल होणे आणि सक्तीने दाखल करणे यांच्या निरनिराळ्या रीती घालून दिलेल्या आहेत, आणि विशेष वैद्यकीय समितीचा अहवाल असल्यावाचून केवळ मनोविकाराच्या कारणाने कोणाच्या नोकरीवर बंधने घालता येणार नाहीत किंवा ती काढून घेता येणार नाही अशीही तरतूद आहे. कायदा मोडणाऱ्यास कैद आणि 2 लाख दिरहॅमपर्यंत दंड होऊ शकतो. याखेरीज 2006 चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे; संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क-करारास 2010 मध्ये दिलेली मान्यता आहे; आणि 2018 च्या अपंगत्वाच्या राष्ट्रीय वर्गीकरणात, दृष्टिहीनता, बहिरेपणा, स्वमग्नता यांच्या पंक्तीला मानसिक व भावनिक विकारांनाही स्थान आहे. दुबईचे अल अमल हे मनोरुग्णालय पूर्वी जुमेऱ्यास होते, ते आता अल अवीर भागात नव्या वास्तूत आहे. थोडक्यात, कायदा आहे, रुग्णालय आहे, औषधही आहे.

नागरिकांच्या बाबतीत चौथी गोष्ट, म्हणजे छप्परही बहुतांशी आहे. शेख झायेद गृहनिर्माण कार्यक्रमासारख्या योजनांतून 1999 पासून नागरिक-कुटुंबांना घरे व घरासाठी कर्जे मिळत आली. आणि मोठ्या वाड्यासारख्या त्या घरांत आजी, काका, अविवाहित आत्या, घरकामाची माणसे यांच्या गर्दीत एखादा आजारी भाऊ सामावून जातो. यात आधार आहे तसा पडदाही आहे. घराची अब्रू जपण्याच्या भरात आजारी माणूस वर्षानुवर्षे माडीवरच्या खोलीत राहू शकतो, हे आपल्याकडच्या वाडासंस्कृतीतून आलेल्या वाचकास निराळे सांगावयास नको.

खरा प्रश्न उभा राहतो तो परदेशी माणसापाशी. दुबईच्या सोनापूर किंवा अल कूझ भागात, अबूधाबीच्या मुसफ्फ्यात कामगारांच्या ज्या वसाहती आहेत, त्यांच्यासाठी 2009 साली मंत्रिमंडळाने घालून दिलेल्या मानकांप्रमाणे दर माणशी किमान 3 चौरस मीटर जागा आणि एका खोलीत 8 ते 10 माणसे असा हिशेब आहे. 2016 च्या एका हुकमान्वये पन्नास वा अधिक कामगार असलेल्या मालकाने 2000 दिरहॅमहून कमी पगाराच्या कामगारांस राहण्याची जागा फुकट द्यावी असे ठरले होते. अल्प वेतनाच्या माणसाला ही मोठीच सवलत होय; पण तिचा अर्थ असाही होतो की खाट ही पगारपत्रकाचा एक रकाना आहे. अशा खोलीत दुमजली खाटांवर माणसे झोपतात, पहाटे चारच्या सुमारास बस येते, आणि एखाद्याला रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी आठपर्यंत उतरत नसेल, तर ती गोळी आणि ती बस यांपैकी त्याला एकच निवडावी लागते. बहुतेक जण बस निवडतात. गोळ्यांची पट्टी उशाखाली ठेवली तर वरच्या खाटेवरचा विचारतो की कसली औषधे घेतोस, आणि मुकादमाच्या कानावर जाण्याच्या भीतीने ती पट्टी कपाटाच्या तळाशी, मग पेटीत, मग कचऱ्यात जाते. क्लोझापिनसारख्या औषधाला पहिले 18 आठवडे दर आठवड्यास रक्ततपासणी लागते. आठवड्याला एकच सुटी असलेल्या माणसाने ती कशी साधावी? गावाहून आणलेली डायझेपामसारखी नियंत्रित औषधे तर आरोग्यखात्याची पूर्वमंजुरी असल्यावाचून विमानतळावरून आत नेताच येत नाहीत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे अडचणीत आलेल्या माणसांच्या गोष्टी आखातात घरोघरी सांगितल्या जातात.

करामा, सातवा, देरा या जुन्या वस्त्यांत स्वतः भाडे भरून राहणारा नोकरवर्ग बहुधा ‘बेडस्पेस’ घेतो, म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक खाट भाड्याने. घरकामास गेलेल्या बाईला तर मालकाचे घर हेच आपले घर मानावे लागते. 2021 च्या कामगार कायद्यात चाचणीकाळ संपल्यावर वर्षाला 90 दिवस आजारपणाची रजा आहे: पहिले 15 दिवस पूर्ण पगारी, पुढचे 30 अर्धपगारी, उरलेले बिनपगारी. ती संपूनही माणूस कामावर येऊ शकला नाही, तर मालकास करार संपविण्याची मुभा आहे. हातपाय मोडलेल्या माणसाला नव्वद दिवस बहुधा पुरतात. पहिल्या खेपेच्या तीव्र मनोविकारातून उठणाऱ्या माणसाला ते पुरतीलच असे नाही. कायद्याने दुष्टपणा केलेला नसतो, त्याने केवळ हाडाच्या मापाने मनाचे माप घेतलेले असते.

पांढरपेशा मराठी कुटुंबांची कथा निराळी, पण शेवट बहुधा तोच. अबूधाबी वा दुबईच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाला भेटणाऱ्या कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी विशीपंचविशीत आजारी पडलेला मुलगा आहे, त्यांची बैठक काही वर्षांपूर्वीपर्यंत फार अस्थिर असे, कारण सज्ञान मुलाला बापाच्या हमीवर ठेवून घेणे दुर्घट होते. 2022 च्या ऑक्टोबरपासून नियम बदलले. मुलगे 25 वर्षांपर्यंत आणि अपंग अपत्य कोणत्याही वयाचे असले तरी आईबापांच्या हमीवर राहू शकते. ही सुधारणा मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. परंतु हमीदार बापच जर निवृत्त झाला, आणि त्याचाच परवाना संपुष्टात आला, तर मुलाच्या परवान्याला कशाचा टेकू? ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार’ हा जो प्रश्न पुण्यामुंबईतल्या आईबापांना सत्तरीत छळतो, तो आखातातल्या आईबापांपुढे साठीतच, निवृत्तीच्या पत्राबरोबर, येऊन उभा राहतो.

मग परतणे भाग पडते. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी भारत सरकारने 2009 साली स्थापन केलेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातींमार्फत उपचाराचा व मायदेशी पाठवणीचा खर्च उचलू शकतो. माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरतो, तेथून पुढे रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली. कोकणच्या या पट्ट्यातून, विशेषतः तेथील मुसलमान वस्त्यांतून, दोन पिढ्या आखातात गेलेल्या आहेत. त्यांच्या पैशांनी बांधलेली घरे रस्त्यावरून जाताना ओळखू येतात. या पट्ट्याचे मनोरुग्णालयही रत्नागिरीतच आहे. ते 1886 सालचे. ब्रह्मदेशचा पदच्युत थिबा राजाही त्याच साली नजरकैदेसाठी रत्नागिरीस आणला गेला, आणि पुढे सावरकरांनाही स्थानबद्धतेसाठी हेच गाव नेमून दिले गेले. इंग्रजी अमलाने जी माणसे नजरेआड पण हाताशी ठेवावयाची ती ठेवण्यासाठी या सुंदर गावाची योजना केलेली दिसते.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असे दिसले की सरकारी मनोरुग्णालयांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे वर्षाहून जास्त काळ तेथेच आहेत. त्यांतल्या अनेकांची लक्षणे ओसरलेली असतात. न्यायला कोणी येत नाही एवढेच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 19 व्या कलमाने हे स्पष्टच निषिद्ध ठरविले: कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. हाफवे होम्स व आधारयुक्त निवास पुरविण्याचे दायित्व शासनावर आले. शासनाने हे दायित्व कसे पार पाडले? सर्वोच्च न्यायालयास 2021 च्या जुलैत महाराष्ट्राला बजवावे लागले की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याचा प्रकार ताबडतोब थांबवावा. हक्काच्या घराचा अर्थ इतका स्वस्त लावणारा अधिकारी कोण होता हे दप्तरात असेलच, पण त्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे.

या निराशाजनक पार्श्वभूमीवर रत्नागिरीतच एक निराळे काम उभे राहिले. चेन्नईत 1993 साली वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार यांनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बॅन्यन’ ही संस्था काढली. तिने 2015 पासून ‘होम अगेन’ या नावाने आधारयुक्त घरे सुरू केली, ती तमिळनाडूबाहेर केरळात व महाराष्ट्रात रत्नागिरीसही आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात जगातल्या अनुकरणीय निवासव्यवस्थांमध्ये त्यांचा समावेश केला. या कामाची रीत अगदी साधी आहे. वस्तीतले एखादे नेहमीचे घर भाड्याने घ्यावयाचे, दाराबाहेर संस्थेची पाटी लावावयाची नाही. रुग्णालयात वर्षानुवर्षे काढलेल्या चारपाच जणींना विचारावयाचे की तुम्हाला कोणाबरोबर राहावयाला आवडेल. सोबतीला एक मदतनीस. ती परिचारिका नव्हे, बहुधा त्याच परिसरातली बाई. औषधाची आठवण, बँकेचे खाते, आधारकार्ड, दवाखान्याची फेरी हे तिचे काम. बाकी सारे घरासारखे: कोणी मासळी आणावयाची, कोणी विळीवर चिरावयाची, आमटीत कोकम घालावयाचे की चिंच यावरून वाद व्हावयाचा.

हा वाद क्षुल्लक वाटेल, पण वीस वर्षे रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातून आलेले ताट मुकाट्याने घेतलेल्या स्त्रीने आमटीबद्दल मत मांडणे ही उपचारशास्त्राच्या दृष्टीने सामान्य घटना नव्हे. संस्थात्मक जीवनात माणसाची जी शक्ती प्रथम मरते ती निवड करण्याची. कोणती साडी नेसू, दिवा केव्हा मालवू, आज बाहेर जाऊ की पडून राहू, हे प्रश्नच तेथे पडत नाहीत. आणि ते न पडण्याची सवय झालेल्या माणसाला आपण आळशी किंवा निरिच्छ म्हणून नव्याने आजारी ठरवितो. घर हे प्रश्न परत आणून देते. अर्थात सारेच सुरळीत होते असे नाही. कोणाला पुन्हा आवाज ऐकू येतात, कोणी न सांगता बाजारात निघून जाते, शेजारी तक्रार करतात. तेव्हा रुग्णालयात काही दिवस जाऊन यावे लागते. फरक इतकाच की परत येण्याची जागा तोवर राखून ठेवलेली असते.

परदेशस्थ मराठी माणसाने या क्षेत्रात काय करावे याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. मूळचे धुळे जिल्ह्यातील, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले जगन्नाथ वाणी यांनी, घरातच या आजाराचा अनुभव घेतल्यावर, 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा 2004 चा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्याची काळजी वाहणारा, हे आज स्वमदत गटांत रुळलेले शब्द याच चळवळीच्या वातावरणात घडले. आखातातल्या मंडळांनी देणग्या कमी दिल्या असे कोणी म्हणणार नाही. शाळांना, देवळांना, पूरग्रस्तांना त्यांनी मोकळ्या हाताने दिले. मनोविकाराने खचलेल्या माणसासाठी भाड्याचे घर चालविण्याला मात्र देणगीची पाटी लावावयास भिंतच नसते, म्हणून ते काम मागे राहते असा माझा तर्क आहे.

आईबापांना कायद्याची एक गोम माहीत असावी. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्याची जी सोय आहे ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांपुरती आहे. स्किझोफ्रेनिया तीत बसत नाही. त्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वाची वाट आहे, आणि 2017 च्या कायद्याप्रमाणे माणूस सावरलेला असताना स्वतः लिहून ठेवू शकतो ती पूर्वसूचना: मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण. दुबईहून कायमचे परतताना घराची विक्री, ठेवींच्या पावत्या आणि मुखत्यारपत्र यांचा बंदोबस्त करणारे कुटुंब हा कागद बहुधा विसरते. तो करावयास वकील लागत नाही. मुलाच्या बऱ्या दिवसांतली एक दुपार आणि त्याला काय हवे हे विचारण्याची तयारी लागते.